ओटीच्या दिवशी मागे बसणारी छबूताई

फोन आला तेव्हा माझ्या हातात सिरिंज होती. उपकेंद्रात लसीकरणाचा दिवस होता. ओट्यावर बायका बाळं घेऊन बसल्या होत्या. एकाला टोचून झालं होतं आणि त्याचं रडणं ऐकून बाकीची आधीच सूर लावून बसली होती. नाव छबूताईचं दिसलं म्हणून मी फोन उचलला. ती अजून कशी आली नाही, हेच मला विचारायचं होतं. गल्लीगल्लीतून बायकांना हाकत आणायचं काम तिचं, आणि त्या दिवशी बायका आपापल्या आल्या होत्या... बोलली तिची लेक. "सिस्टर, आई गेली," एवढंच म्हणाली. सकाळी अंगण झाडून छबूताई उंबऱ्यावर टेकली, चहा टाक म्हणाली, आणि चहा गाळून होईपर्यंत कलंडली. मी लेकीला सांगितलं, येते. पण लसीची बाटली उघडलेली होती. उघडलेली बाटली दुसऱ्या दिवसावर ठेवता येत नाही, आणि बायका सोयाबीनची काढणी सोडून, रोज बुडवून आलेल्या. राहिलेल्या सगळ्या बाळांना मी टोचलं, डबा बंद केला आणि मग गेले. याला कुणी कोरडेपणा म्हणेल. छबूताई म्हणाली नसती. अर्ध्यात उठून गेले असते तर तिनंच मला बोल लावला असता.

तिच्यावर लिहायचं ठरवलं तेव्हा एका सहकारी बाईंनी सुचवलं, की जन्मभर दुसऱ्यांच्या तब्येती सांभाळल्या आणि स्वतःकडे दुर्लक्ष केलं, असं लिहा. तसं लिहिलं की वाचणाऱ्याला बरं वाटतं. पण ते खरं नाही. छबूताई रक्तदाबाची गोळी रोज घेत होती आणि दर महिन्याला माझ्यासमोर दंड पुढे करून बसत होती. मिश्री तेवढी सोडत नव्हती. बायकांना तंबाखूचे तोटे सांगून आली की आधी कनवटीची डबी काढायची, आणि मी बोलले की म्हणायची, "म्या सांगते ते ऐकायचं, सिस्टर. म्या करते ते बघायचं न्हाय." ते सोडलं तर तिनं स्वतःला नीट जपलं होतं. तरी गेली. माणसं अशीही जातात, आणि त्यातून काही शिकण्यासारखं निघतंच असं नाही.

धाराशिवकडच्या वाशी तालुक्यातल्या या गावात मी आरोग्यसेविका म्हणून बदलून आले, तेव्हा छबूताई इथली आशा कार्यकर्ती होती. आशा शक्यतो गावची सून असावी असा दंडक आहे. लेक लग्न होऊन जाते, सून राहते, हा त्यामागचा साधा विचार. छबूताई या गावची सून, आणि लग्नानंतर थोड्याच वर्षांत विधवा झालेली. नवरा विहिरीवरची मोटार सुरू करायला गेला आणि शॉक लागून तिथंच पडला. पदरात ही एक मुलगी. आठवीपर्यंत शिकलेली म्हणून कुणीतरी तिचं नाव सुचवलं. गावात कोण गरोदर आहे, कुणाचं बाळ अंग धरत नाही, कुणाचा खोकला हटत नाही, हे सगळ्यात आधी तिला कळायला हवं आणि तिच्याकडून आम्हाला. दवाखाना लांब, बस आली तर आली, गडीमाणसं दिवसभर रानात. अशा ठिकाणी घराच्या आत पोचणारी एकच बाई असते, ती म्हणजे आशा. वयानं ती माझ्याहून थोडी मोठी. वर्षभरात मी तिला अगं-तुगं करायला लागले. तिनं मात्र "सिस्टर, तुमी" शेवटपर्यंत सोडलं नाही.

तिचा आवाज फार मोठा होता. हे सांगायलाच हवं, कारण पुढचं सगळं त्यातून घडलं. ती वरच्या आळीत बोलायला लागली की खालच्या आळीतल्या बायका चुली बारीक करून ऐकत. एकदा नव्या लग्नाच्या एका पोरीला मी गुपचूप पाळणा लांबवायच्या गोळ्या दिल्या होत्या. छबूताईला ती पोरगी पाण्याच्या टाकीपाशी दिसली आणि हिनं रस्त्याच्या पलीकडून विचारलं, "गोळ्या सरल्या का गं, का अजून हायती?" पोरीचा सासरा पाच पावलांवर दाढी करून घेत बसला होता. न्हाव्यानं वस्तरा बाजूला घेतला. पोरीनं शहाणपणा केला आणि म्हणाली, "डोक्याच्या गोळ्या व्हय? हायत्या की." त्या दिवशी मी छबूताईला चांगलं झापलं. ती हसली. म्हणाली, देवानं गळा दिलाय, त्याला झाकण दिलं नाही, त्याला म्या काय करू. ते आम्ही दोघींनी हसण्यावारी नेलं.

सुवर्णाच्या वेळी मात्र हसण्यासारखं काही उरलं नाही. सुवर्णा ही गोदाबाईंची थोरली सून. गोदाबाई म्हणजे गावातल्या मोठ्या खटल्याच्या, भरल्या घरच्या, शब्दाला पक्क्या, करड्या. सुवर्णाला पहिलंच राहिलेलं. सातव्या महिन्यात तिचं बीपी वाढायला लागलं, पायांवर सूज आली. डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या, दर आठवड्याला मोजायला सांगितलं. पण पहिलं बाळंतपण माहेरी करायचं ही रीत, आणि माहेर कळंबच्या बाजूचं. म्हणजे इथून ओटी भरून पोर निघाली की ती आमच्या हातातून जाते आणि तिथल्या आशेच्या हाती लागेपर्यंत मध्ये कुणाच्याच हातात नसते. हे आम्हाला माहीत होतं. म्हणून छबूताईनं तिथल्या आशेला आधी फोन केला होता, आणि ओटीच्या दिवशी माहेरच्या माणसांना समोरासमोर सांगायचं ठरवलं होतं. गोदाबाईंच्या अंगणात पाट मांडलेला, नात्यातल्या सगळ्या सवाशिणी जमलेल्या. छबूताई विधवा. ओटीच्या पाटापाशी ती जात नसे, कुणी जाऊही दिलं नसतं. ती मागच्या दारात उभी राहिली. ओटी झाली, जेवणं झाली, जीप दारात येऊन हॉर्न द्यायला लागली, आणि सांगायचं राहून जातंय असं दिसल्यावर तिनं दारातूनच, सगळ्या अंगणावरून, सुवर्णाच्या आईला सांगितलं, "हिचं बीपी वाढलंय बरं का, पाय सुजल्यात. गोळ्या चुकवू नका. आठवड्याच्या आठवड्याला मोजून घ्या."

सगळ्या माना मागच्या दाराकडे वळल्या. मग सुवर्णाची चुलती म्हणाली, "आमी धडधाकट पोर दिली हुती. न्यायच्या टायमाला तुमाला तिच्यात खोट दिसाय लागली व्हय?"

बाहेरच्या माणसाला हे विचित्र वाटेल. सासरच्या अंगणात, चारचौघांसमोर, पोरीच्या दुखण्याचं नाव निघालं की माहेरचे त्यातून एकच गोष्ट ऐकतात. पोर परत नांदवायची नाही, त्याची ही आत्तापासून तयारी. मग पोर निरोगी आहे हे दाखवणं हा माहेरचा मान होऊन बसतो. सुवर्णाच्या माहेरी तेच झालं. तिथली आशा दोनदा जाऊन आली, तिला दारातूनच सांगितलं, आमची पोर ठणठणीत आहे, तुमचं काम नाही. गोळ्या बंद झाल्या, कारण गोळी घेणं म्हणजे खोट कबूल करणं. आठवा सरता सरता एका दुपारी तिला झटके आले. माणसं रानात होती. गाडी मिळून कळंबच्या रस्त्याला लागेपर्यंत फार उशीर झाला. सुवर्णा वाटेत गेली, बाळ पोटातच गेलं.

सुतक फिटल्यावर छबूताई गोदाबाईंकडे गेली. मी बरोबर होते. गोदाबाईंनी आम्हाला उंबऱ्याच्या आत घेतलं नाही. मोठ्यानं बोलल्या नाहीत, रडल्याही नाहीत. एवढंच म्हणाल्या, "तुझ्या तोंडानं खाल्ली माझी सून. परत ह्या दारात पाय ठिवू नगंस." कुणावर राग काढायचा हे त्यांनाही कळत नसणार. माहेरच्यांवर काढावा तर त्यांचीही लेक गेलेली. हाताशी छबूताई होती. छबूताईनं उलट शब्द काढला नाही, आणि तिला ओळखणाऱ्या माणसाला त्याचंच जास्त वाईट वाटलं असतं. परत येताना तिनं मला विचारलं, मग कसं सांगायला हवं होतं? मी कागदावरचं उत्तर दिलं. त्या गावच्या आशेला कळवायचं, त्यांच्या दवाखान्याला कळवायचं. ती म्हणाली, सगळ्यांना कळवलं होतं की. कळवलेली बाई दारातच उभी राहिली. घरात कोण ऐकणार, ते सांगा...

उत्तर तिला वर्षभरानं सापडलं, आणि ते चुलीपाशी सापडलं. वर्षा नावाच्या एका सुनेची ओटी होती. तिचं दुखणं तेच, बीपीचं. छबूताई मागच्या बाजूला, जिथे पुरणपोळ्या चालल्या होत्या तिथे, नेहमीप्रमाणे विधवा आणि म्हाताऱ्या बायकांत बसली होती. या बायका ओटीला पुढे जात नाहीत. पुढे हळदीकुंकू, गजरे, गाणी चालतात, आणि मागे या कढईपाशी बसून ऐकतात. तेवढ्यात माहेराहून आलेली एक बाई नव्या साडीची पिशवी जावेच्या हातात देऊन मागे आली आणि भिंतीला टेकून बसली. ती वर्षाची आई होती. विधवा. पोटच्या लेकीच्या ओटीला तिला हात लावता येत नव्हता, म्हणून सगळं सामान पोचवून ती मागे आली होती. छबूताईनं मला नंतर सांगितलं, की त्या बाईला बघताच तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. आपण इतकी वर्षं पुढच्या बायकांना ऐकवायला धडपडत होतो. पुढच्या बायका ओटी भरून आपापल्या घरी जातात. पोरीला माहेरी जी सांभाळणार, तिचे पाय चेपणार, तिला भाकरी वाढणार, ती तर इथे आपल्या शेजारी बसली आहे.

त्या दिवशी छबूताई आयुष्यात पहिल्यांदा हळू बोलली असावी. आजाराचं नाव तिनं काढलंच नाही. आधी पोरीचं कौतुक केलं. मग वर्षाच्या आईला विचारलं, तुमची बाळंतपणं कशी झाली? चुलीपाशी बसलेल्या बाईला हा प्रश्न कुणी विचारत नाही. तिनं सगळं सांगितलं, धाकट्याच्या वेळी पाय कसे सुजले, डोळ्यांपुढे अंधारी कशी आली, सगळं. ते पुरतं सांगून होऊ दिलं आणि मग छबूताई म्हणाली, हिचे पाय पण मला तसेच दिसतात बाई, तुम्ही एकदा बघा बरं. वर्षाला मागे बोलावलं. आईनं स्वतःच्या अंगठ्यानं पायावर दाबून बघितलं, खळगा पडला, भरेना. सासरच्यांनी सांगितलेलं ते राहिलं नाही. आईनं स्वतः शोधून काढलेलं झालं. माहेरी गेल्यावर त्या बाईनं कुणाचं ऐकलं नाही, लेकीला दर आठवड्याला एसटीनं दवाखान्यात नेलं. दीर म्हणाला, उगी कशाला हेलपाटे, तर म्हणाली, "पाय म्या बघितल्यात." वर्षा आणि तिची मुलगी दोघी सुखरूप आहेत. मुलगी आता अंगणवाडीत जाते आणि लस टोचताना मला चावते.

तेव्हापासून छबूताईचं काम ठरून गेलं. गावातली कुठलीही ओटी असो, ती आदल्या दिवशी जाऊन पोळ्या लाटायला येते म्हणून सांगायची. कुणाला काही वाटत नसे. विधवा बाई मागच्या कामाला आली, एवढंच लोकांना दिसायचं. माहेरची आजी, विधवा आत्या, थकलेली मावशी, जी कुणी मागे येऊन बसेल तिच्याशी ती बोलत राहायची, आणि ती उठेपर्यंत त्या घरात पोरीवर लक्ष ठेवणारं एक माणूस तयार झालेलं असायचं. मला हे पटायला वेळ लागला. मी तिला म्हणायची, ही रीत मोडायला पाहिजे, तू पुढे येऊन बस, मी सगळ्यांसमोर तुला हाताला धरून नेते, बघू कोण काय म्हणतंय. ती म्हणायची, "न्या की. पर मंग मागं कोण बसंल? तुमी?" आणि हसायची. रीत मोडायला हवी हे माझं मत आजही आहे. विधवेनं ओटी भरली म्हणून कुणाचं काही वाईट होत नाही. हे मी जिथे तिथे सांगते, इथेही सांगते. पण पोरींचं बीपी रीत मोडेपर्यंत थांबून राहणार नव्हतं, आणि छबूताईला थांबायला वेळ नव्हता.

गोदाबाईंचं दार मात्र बंदच होतं. घरोघरच्या पाहणीत छबूताई त्यांच्या रस्त्यावर उभी राहायची, आतून कुणीतरी घरातल्या माणसांची संख्या ओरडून सांगायचं आणि ही पुढे जायची. मध्ये गोदाबाईंचे मालक वारले. त्यानंतर भावकीत एक ओटी होती. गोदाबाई सवयीनं पुढच्या घोळक्याकडे चालल्या, दोन पावलं गेल्या आणि थांबल्या. आपण आता तिथल्या नाही हे त्यांना तिथं, अंगणाच्या मधोमध कळलं. पुढे जाता येईना, मागे वळायचं कसं ते सुचेना. मी समोरून बघत होते. मागच्या दारातून छबूताई उठून आली नाही, हाक मारली नाही. नुसती थोडी सरकली आणि शेजारी हातभर जागा केली. गोदाबाई हळूहळू जाऊन तिथे बसल्या. त्या दिवशी दोघी एकमेकींशी एक शब्द बोलल्या नाहीत. पण छबूताई दुसऱ्या बाजूच्या म्हातारीशी जे बोलत होती, ते गोदाबाईंना पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकू आलं.

यंदा गोदाबाईंच्या धाकट्या सुनेला, पल्लवीला, दिवस गेले. गोदाबाईंनी तिला स्वतः उपकेंद्रात आणून बसवलं, माझ्याशी बोलल्या, छबूताईशी नाही. सहाव्या महिन्यापर्यंत सगळं ठीक होतं. मग पल्लवीचाही बीपीचा पारा चढायला लागला. सुवर्णासारखाच. गोळ्या सुरू झाल्या. पल्लवीचं माहेर धाराशिवच्या अलीकडचं, आणि ओटीचा दिवस ठरला होता. छबूताईला आमंत्रण नव्हतं.

तिची माझी शेवटची भेट त्यावरूनच झाली. दुपारी उपकेंद्र बंद करायच्या वेळी ती आली, बाकावर बसली, मिश्रीची डबी नुसती हातात फिरवत राहिली. म्हणाली, गोदाबाई बोलावतील असं वाटत नाही. मी म्हटलं, न बोलावता जा, घराबाहेर काढतील तर काढू देत, पोरीचा जीव महत्त्वाचा. तिनं मान हलवली. "न बोलावता गेलेल्या बाईचं मागं बसलेल्या बी ऐकत न्हायत, सिस्टर. त्यांनी बसवून घ्याय लागतंय." मग डबी कनवटीला खोचून म्हणाली, "ह्या एका घरात मला बसू देऊ दे. बाकी काय मागत न्हाय." मी म्हटलं, बघू, अजून पंधरा दिवस आहेत. तिला घरी जाऊन ज्वारी निवडायची होती. पिशवी उचलून निघाली आणि रस्त्यावरून कुणाला तरी हाक मारली, ती मला कुलूप लावताना ऐकू आली. त्यानंतर तीन-चार दिवसांनी तो फोन आला.

छबूताईच्या मातीला गाव लोटलं होतं. गोदाबाई आल्या, कोपऱ्यात बसल्या आणि उठून गेल्या. त्या छबूताईला बोलावणार होत्या की नव्हत्या, हे मला माहीत नाही. मी विचारलं नाही, आणि विचारणारही नाही. आठवड्यानं त्यांचा धाकटा मुलगा उपकेंद्रात आला आणि म्हणाला, आईनं सांगितलंय, ओटीला या, बीपीचं यंत्र घेऊन या.

नवी आशा अजून नेमलेली नव्हती. वाटेत मी मनात वाक्यं जुळवत होते. माहेरची कोण येईल, तिच्याशी काय बोलायचं, आधी कौतुक, मग बाळंतपणं... मला ते जमेल असं वाटत नव्हतं. मी सरळ बोलणारी बाई आहे. समोरच्याला उपदेश वाटतो, हे मला माहीत आहे. अंगणात पाट मांडलेला होता. मी कुणाकडे न बघता सरळ मागे गेले. चुलीपाशी गोदाबाई बसल्या होत्या, आणि शेजारी पल्लवीच्या माहेरची आजी. आजी पण विधवा. गोदाबाईंनी मला हातानंच बस म्हणून खुणावलं आणि आपलं बोलणं सोडलं नाही. त्या सुवर्णाबद्दल सांगत होत्या. ज्या पोरीचं नाव त्या घरात इतक्या वर्षांत कुणी घेतलं नव्हतं, तिचं सगळं सांगत होत्या. तिला कैरी आवडायची इथपासून, जीप दारात उभी होती इथपर्यंत. आजी ऐकत होती. चुलीवरची पोळी करपत होती, तिकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

"एक पोर म्या अशी घालीवली," गोदाबाई म्हणाल्या. "आता हिचं बी तसंच दिसतंय. तुमच्या पोरीत खोट न्हाय, आजी. म्या दोष लावाय बसले न्हाय. म्या येते तिच्या संगं. तुमच्या वसरीला पडून ऱ्हाईन. पर तिला मोजू द्या."

सासूनं सुनेच्या माहेरी बाळंतपणाला जाऊन राहायचं, हे आमच्याकडे कुणी ऐकलेलं नाही. आजीनं करपलेली पोळी तव्यावरून काढून बाजूला टाकली. मला वाटलं, आता ही उठते, आणि पुन्हा तेच होतंय. मग तिनं पदरानं नाक पुसलं आणि म्हणाली, "वसरीला कशापायी? आत माझ्या खाटंशेजारी जागा हाय."

पल्लवीला मागे बोलावलं. मी यंत्राचा पट्टा तिच्या दंडाला बांधला आणि दोघींच्या समोर मोजलं. आकडा जास्तच होता. मी तो मोठ्यानं न सांगता आजीला जवळ बोलावून दाखवला. पुढून कुणीतरी ओरडलं, एक सवाशीण कमी पडते. मागे सवाशीण तेवढी मीच, पण मी उठायला तयार नव्हते, मला अजून गोळ्यांचं सांगायचं होतं, तिथल्या आशेचं नाव द्यायचं होतं. गोदाबाईंनी माझ्या हातातून गोळ्यांची पाकिटं काढून घेतली. म्हणाल्या, "तुमी पुढं जावा, सिस्टर. हितलं आमी बघतो."

मी गेले. पल्लवीची ओटी भरली, नारळ दिला, कुणीतरी मोबाइलवर फोटो काढला.

गोदाबाई खरंच तिकडे जाऊन राहिल्या. पल्लवीचं बीपी मध्ये पुन्हा चढलं, तेव्हा त्या आणि ती आजी, दोघी म्हाताऱ्या, रिक्षा करून तिला धाराशिवला घेऊन गेल्या. बाळ थोडं आधी आलं, ऑपरेशन करून. वजन कमी आहे, पण दूध ओढतं. परवा पल्लवीनं दवाखान्यातून मला त्याचा फोटो पाठवला, आणि त्याच्याबरोबर ओटीचाही.

छबूताईची लेक सध्या आईचा एखादा बरा फोटो शोधते आहे, फ्रेम करायला. ओळखपत्रावरचा एक आहे, त्यात ती घाबरल्यासारखी दिसते. बाकी मिळत नाही. इतक्या ओट्यांना गेली, पण एकाही फोटोत ती नाही. मी लेकीला पल्लवीच्या ओटीचा फोटो दाखवला. तिनं बघितला आणि विचारलं, यात आई कुठं आहे? ती गेल्यानंतरचा आहे तो फोटो. पुढे आम्ही सगळ्या आहोत, हळदीकुंकू लावलेल्या, कॅमेऱ्याकडे बघणाऱ्या. आमच्या मागे स्वयंपाकघराचं दार अर्धं उघडं आहे, आत धूर आहे, आणि त्या धुरात दोन बायकांचे गुडघे तेवढे दिसतात, एकमेकींना लागलेले. मी त्यावर बोट ठेवलं आणि लेकीला म्हटलं, इथं.